सी शिफ्ट

कोराडीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे
झिंगाबाई टाकळीतल्या आमच्या गच्चीवरून दिसतात.
रात्री दहानंतर तेवढाच तुझा पत्ता.
डबा उचलतोस, म्हणतोस, "येतो."
जातो म्हणायचं नसतं.
थोरल्याच्या मागे निघालेला तो धाकटा
बायकोला काय म्हणाला असेल?
तोही "येतो"च म्हणाला असेल
आणि तिनं दिवस मोजायला घेतले असतील.

सासूबाई गोष्ट सांगत, तेव्हा
ती एका ओळीत आटपायची:
त्याला चौदा वर्षं जागायचं होतं,
म्हणून त्याच्या वाट्याची झोप बायकोनं घेतली.
झालं. पुढे हरीण, पुढे पूल, पुढे युद्ध.
मी नवी होते. विचारलं,
तिला आधी कोणी विचारलं होतं का?
त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या.
म्हणाल्या, "झोपायचंच तर होतं.
सोपी ड्यूटी."

देवळातले बुवा सांगतात, तिनंच पदर पसरून मागितली.
शाळेतल्या मराठीच्या बाई म्हणाल्या,
मूळ कथेत हे नाहीच,
लोकांनी मागाहून जोडलंय.
लोकांनी म्हणजे कोणी?
मला वाटतं, असेल कोणी बाई,
जिला एकटीला रात्र सरत नव्हती.
तिनं निदान गोष्टीतल्या बाईला तरी
पोटभर झोपवलं.

यंदा रामनवमीला वस्तीतल्या पोरांनी
हट्टानं तिचाच चित्ररथ काढला.
टाटाचा ट्रक, त्यावर मखमली गादी,
थर्माकोलची समई, कागदी चंद्र दिवसाढवळ्या.
निजायला चारू निखारे, नववीतली.
अंगावर तिच्या आत्याचा शालू.
ऊन बेचाळीसचं, पुढे ढोल, मागे डीजे,
आणि गांधीबाग यायच्या आत
पोट्टी खरोखरच झोपली.
मुकुट कानावर, तोंड उघडं,
हनुवटीवर लाळेची बारीक रेघ.
"उठव ना बे तिला, हात जोडाले सांग,"
कोणी तरी खालून ओरडलं.
ट्रकवरचा मोरेश्वर ताडपत्री ओढून
तिच्या तोंडावर सावली करत बोलला,
"काहून उठवू? तिची ड्यूटीच हाय ते."

लोक हसले. मीही हसले.
मग तुझ्याकडे पाहिलं.
रात्रपाळी करून तसाच आला होतास माझ्यासाठी,
डोळे लाल, पाठ विजेच्या खांबाला टेकलेली.
तू तिच्याकडे बघत होतास
जसं उन्हातलं माणूस पाणपोईकडे बघतं.
एवढ्या वर्षांत मी त्याचा विचारच केला नव्हता.
जो जागत राहिला, त्याचा.
भावाच्या झोपडीबाहेर बसून, अशाच डोळ्यांनी,
त्याला तिची आठवण यायची
की नुसत्या उशीची?
आणि उशीची आली, तर ते प्रेम नाही का?

मी चिडायला आले होते, खरं सांगते.
ड्यूटी, ड्यूटी, बारा वर्षं ड्यूटी,
मुलाच्या बारशालाही ओव्हरटाइम.
चिडायचं राहूनच गेलं.
ऑटो केला. सदरच्या सिग्नलला
तुझं डोकं माझ्या खांद्यावर पडलं,
जड, कोळशाचा वास असलेलं.

मला तुझी झोप मागून घेता येत नाही.
अर्ज कोणाकडे करायचा, तेही माहीत नाही.
मी एवढंच करते:
सकाळी तू आलास की बेलची वायर काढते,
कूलरमध्ये पाणी भरते,
भाजीवाल्याला गेटाबाहेरूनच
बोटानं सांगते: शूऽऽ.

दुसऱ्या दिवशी चारूला विचारलं,
एवढी गाढ झोपलीस, स्वप्न काय पडलं?
"काही नाही काकू," ती म्हणाली,
"पेपर होता, अन् मी उशिरा पोचली."

रात्री दहाला तू "येतो" म्हणून गेलास
की वायर पुन्हा जोडते.
या वेळी कोणी येत नाही.
जोडलेली असू द्यावी.